राहेलबाईंची अलमारी

संपादकांचा निरोप आला तेव्हा त्यांच्या मनात पाळणे, देव्हारे, नवरीची पेटी असं काहीतरी असणार. दिवाळीचा अंक, घरात चिवडा-चकली, त्यात एखाद्या म्हाताऱ्या सुतारानं आपल्या धंद्याच्या चार गोष्टी सांगाव्या. तेही सांगता आलं असतं. पाळणे मी पुष्कळ केले. त्यात झोपलेली बाळं आता टक्कल पडलेली होऊन रस्त्यात भेटतात आणि ‘काय मिस्त्री, अजून हाये का?’ म्हणून विचारतात. पण पाळण्यानं मला कधी कोडं घातलं नाही. मूल जन्मतं, त्याला निजायला जागा लागते, झालं. मला आयुष्यभर कोड्यात टाकलं ते दुसऱ्याच एका पेटीनं. वाचकांनी घाबरून पान उलटू नये. त्या पेटीपायी मी जेवढा हसलो तेवढा पाळण्यापायी हसलो नाही.

अमरावतीला माझं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर. एकोणीसशे पन्नासच्या पुढची वर्षं. दारं, खिडक्या, पलंग, शाळेची बाकं, जे येईल ते करायचो. एक दिवस सायकलवरून पाद्रीसाहेब आले. मूळचे नगरकडचे, बोलणं अगदी मऊ. म्हणाले, “मिस्त्री, एक शवपेटी हवी होती. आमचे सुतार वारले.”

मी म्हटलं, “मग पेटी कोणासाठी?”

“त्यांच्यासाठीच.”

म्हणजे पाहा. गावातल्या ख्रिस्ती मंडळींच्या पेट्या करणारा एकटा माणूस, तोच गेला, आणि त्याची पेटी करायला कोणी उरलं नाही. दुसऱ्या सुतारांनी कानावर हात ठेवले होते. माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. न केलेलं काम दिसलं की हात शिवशिवतात. मी हो म्हणून बसलो. आत बायकोनं भांडी आपटायला सुरुवात केली.

“घरात लेकरं हायेत अन् तुमी मढ्याच्या पेट्या करून राह्यले! दुसरं काम नाही भेटत काय?”

पेटी केली. मन लावून केली. दुसऱ्या दिवशी पाद्रीसाहेब पाहायला आले, चारी बाजूंनी फिरले आणि झाकणापाशी थांबले. मी झाकणाला बिजागऱ्या लावल्या होत्या आणि पुढं छान पितळी कडी-कोयंडा.

“हे कशासाठी?”

“कुलूप लावायला.”

सुताराच्या जन्माला आल्यापासून मी पेटी म्हणून जी जी केली तिला कडी-कोयंडा होताच. पेटी म्हटली की कुलूप आलंच ना! पाद्रीसाहेबांनी आधी तोंडावर रुमाल धरला, मग त्यांना आवरेना. म्हणाले, “मिस्त्री, यात कुलपात ठेवण्यासारखं काही राहत नाही हो.” मी कडी-कोयंडा काढला, भोकं मेणानं बुजवली. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. जगात सगळे लोक पेटी करतात ती आतलं जपायला. मग ही माणसं एवढी चांगली पेटी करून तिला कुलूप का लावत नाहीत? मी पाद्रीसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, जे जपायचं ते आधीच दुसऱ्याच्या हवाली केलेलं असतं. मला काही उमगलं नाही. मी मान हलवली.

आता धंद्याचं थोडं सांगतो, कारण बाहेरच्यांना वाटतं चार फळ्या ठोकल्या की झालं. ही पेटी चौकोनी नसते. खांद्याशी रुंद, तिथून पायाकडे निमुळती. बाजूची फळी एकसंध ठेवायची तर ती खांद्याशी वाकवावी लागते. त्यासाठी फळीच्या आतल्या अंगाला करवतीनं अर्धवट चिरा पाडायच्या, वरून कढत पाणी ओतायचं आणि हळूहळू वाकवायची. घाई केली की ती काडकन मोडते आणि सुताराची अब्रू जाते. सांध्यांत राळ ओतायची. तळाला रंध्याचे छिलके पसरायचे, त्यावर पांढरं कापड. माप सुतळीनं घ्यायचं, एक गाठ उंचीची, एक खांद्याची. ज्यांना पेटी परवडत नाही त्यांच्यासाठी चर्चमध्ये एक सामाईक पेटी असे. तिच्यातून कबरस्थानापर्यंत न्यायचं, तिथं कापडात गुंडाळून खाली उतरवायचं आणि पेटी परत आणायची.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची आली. एका निवृत्त साहेबाच्या घरच्यांनी सागवान सांगितलं, पितळी मुठी सांगितल्या, आणि ऐन कबरस्थानात जावयानं मला बाजूला घेऊन विचारलं, “मिस्त्री, उतरवायच्या आधी मुठी काढून घेता येतील का?” एका घरी म्हाताऱ्याच्या शेजारी त्याची छत्री ठेवायची होती, कारण तो छत्रीशिवाय कधी बाहेर पडला नव्हता. पाद्रीसाहेब गंभीरपणे म्हणाले, तिकडं लागणार नाही. मी हे सगळं पाहत होतो. बोलताना सगळे म्हणत, इथलं इथंच राहतं, आत्म्याचं तारण झालं म्हणजे बस. आणि हात मात्र मुठींवर. आपल्यातही काय वेगळं आहे? पण हे लोक ते रोज तोंडानं म्हणतात, म्हणून मला जास्त उत्सुकता, की यांच्यात खरोखर तसं वागणारं कोणी आहे की नाही.

मग राहेलबाई आल्या.

विदर्भ तेव्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. राहेलबाई दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढून निवृत्त झालेल्या. उंच, सडपातळ, पांढरं पातळ, आवाज मात्र फौजदारासारखा. मूळच्या अकोल्याच्या. नवरा, योहान कंपाउंडर, पूर्वीच गेलेला, मूलबाळ नाही. सकाळीच दुकानाच्या पायरीशी येऊन उभ्या राहिल्या. डोळे सुजलेले.

“मिस्त्री, माही बहीण गेली अकोल्याले. तार आली. तिकडचा पेटीवाला गावाले गेला हाये. आजच पेटी करून द्या, संध्याकाळच्या मोटारीनं नेतो. उद्या सकाळी माती हाये.”

मी विचारलं, “माप?”

त्या पायऱ्या चढून आत आल्या आणि भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. “आमी एकमेकीचे झंपर घालत होतो. माह्यच माप घ्या.”

माझ्या हातातली सुतळी तशीच राहिली. जित्या माणसाचं या पेटीसाठी माप! आतून बायको ओरडली, “अवं, नका घेऊ, नका घेऊ!”

राहेलबाई म्हणाल्या, “घ्या हो मिस्त्री. मापानं मानूस मरत असता तं शिंप्यायनं गाव रिकामं केलं असतं.”

माप घेतलं. सुतळीला दोन गाठी मारल्या. पेटी झाल्यावर ती सुतळी फेकायची असते, पण ती माझ्याच्यानं फेकवेना, ठेववेनाही. शेवटी मागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून टाकली.

पेटी पोचवायला मीही बरोबर गेलो. मोटारीच्या टपावर ती चढवताना कंडक्टरनं विचारलं, “रिकामी हाये का भरेल?” मी म्हटलं, “जाताना रिकामी.” त्याला वाटलं मी थट्टा करतो. पेटी वर दोरीनं बांधली, झाकण नुसतं टेकवलेलं. अकोल्याला उतरवून जमिनीवर ठेवली तोच एक शेतकरी हात हलवत धावत आला.

“थांबा, थांबा! माह्ये लुगडे हायेत तेच्यात!”

हा गडी हिवरखेडचा. पोरीच्या लग्नाची लुगडी घ्यायला अमरावतीला आला होता. टपावर सामान चढवताना त्याला पांढऱ्या कापडाची स्वच्छ कोरी पेटी दिसली. कोणाची तरी नवीन पेटी आहे, धूळ लागायची नाही, म्हणून त्यानं गाठोडं आत ठेवून दिलं. मी त्याला ही पेटी कसली ते सांगितलं. तो मटकन खालीच बसला.

“आता हे लुगडे पोरीच्या अंगावर कसे घालू? लगन तोंडावर आलं बापा!”

माणूस रडायच्या बेताला आला होता. राहेलबाई पुढं झाल्या. ज्यांची बहीण घरी पडली आहे त्या बाईनं खाली बसून गाठोडं सोडलं, वरचं हिरवं लुगडं उलगडलं आणि आपल्या डोक्यावरून घेतलं.

“पाह्य बावा. माह्या बहिणीनं हे पेटी अजून पाह्यली बी नाही. पेटीले काही मरन चिकटत नाही. हे लुगडं आता जित्या बाईनं नेसलं. पोरीले दे अन् सांग, अमरावतीच्या एका बुढीनं आशीर्वाद देल्ला.”

त्यानं गाठोडं घेतलं, पण अंगापासून लांब धरून गेला. त्या पोरीचं लग्न त्या लुगड्यात झालं की नाही, हे मला कधी कळलं नाही. आजही हिवरखेडचं कोणी भेटलं की विचारावंसं वाटतं.

बहिणीचं घर जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या अंगाला. बहिणीचा मुलगा डॅनियल शाळामास्तर होता. माणूस भला, पण चारचौघांत उठून दिसावं याची भारी काळजी. दुसऱ्या दिवशी माती झाल्यावर सगळे घरी बसले होते. नदीकडे पाहत राहेलबाई मला म्हणाल्या, “मिस्त्री, तुमी पाद्रीसाहेबाले इचारत होते ना, तारण मंजे काय? ते बोलले मले.”

मी ओशाळलो. मी कडी-कोयंड्यापासून तो प्रश्न पाद्रीसाहेबांच्या मागं लावला होता.

“मी लहान होती. मोर्णेले पूर आला, पानी घरात. माय दारात उभी, एका हातात मी, दुसऱ्या हातात पितयी हंडा. समोरच्या ओट्यावरून एका मानसानं हात पुढं केला. म्हने, दे हात. आता माय हात कुठून देईन? मले सोडते का हंडा सोडते?”

“मंग?”

“सोडला हंडा. सोडल्यावर हात देता आला, आमी वर आलो. तारण मंजे एवढंच हाये. वर ओढनारा दुसराच राह्यते, आपन फक्त हात मोकया करा लागते.” मग त्यांना एकदम हसू आलं. “पन माय मरेलोक म्हने, हंडा मात्र चांगला होता!”

डॅनियलला मावशीचं असं हसणं आवडलं नाही. मला फार आवडलं. त्या दिवसापासून माझी आणि त्यांची ओळख पक्की झाली. अमरावतीला परतल्यावर त्या चर्चला जाताना दुकानापाशी थांबायच्या, मी एखादा प्रश्न विचारायचो, त्या उत्तर द्यायच्या किंवा नाही ठाऊक म्हणायच्या. ‘नाही ठाऊक’ सरळ म्हणणारं धर्माचं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

पुढं एका पावसाळ्यात त्यांचं दार फुगलं म्हणून मी घरी गेलो. आणि दार विसरूनच गेलो. समोर भिंतीला अलमारी होती. सागवान, पण कसलं! तेलात बुडवून काढल्यासारखा रंग. वर कोरीव पट्टी होती, वेलबुट्टी आणि दोन चिमण्या, एक दाणा टिपणारी, दुसरी मान मागं वळवून पाहणारी. योहान कंपाउंडरनं लग्नाच्या वेळी परतवाड्याच्या एका कारागिराकडून करून घेतली होती. सांधा कुठं आहे ते मला बोटानं शोधावं लागलं. स्वतःच्या हातांचा गर्व मला थोडाथोडका नव्हता, पण ती चिमणी मला जमली नसती. हे मी तिथल्या तिथं बोलून दाखवलं.

राहेलबाईंचा चेहरा उतरला. म्हणाल्या, “तुमाले बी आवडली? मंजे माह्यच डोकं फिरलं नाही.”

मग त्यांनी सांगितलं. नोकरीत त्यांनी पुष्कळ मरणं पाहिली होती. एक मोठ्या घरची बाई किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून गेली. तिची बोटं राहेलबाईंना एकेक करून उलगडावी लागली होती. तेव्हापासून त्यांनी आपलं हळूहळू कमी करत आणलं. दागिने गेले, भांडी गेली, जास्तीची पातळं गेली. कशाचंच काही वाटलं नाही. एक अलमारी राहिली.

“मले मरनाचं भेव नाही मिस्त्री. मले भेव या अलमारीचं हाये. रोज सकायी प्रार्थनेले निंगतो, उंबऱ्यात पाय ठेवला का मान मांगं जाते. अलमारी पाह्यतो, मंगच कुलूप लावतो. देवाच्या घरी चालली अन् डोये मांगं! आखरीच्या दिवशी बी असंच झालं तं? तो हात पुढं करन अन् मी अलमारीकडे पाह्यत राहीन?”

मला वाटलं, एवढंसं काय घेऊन बसलात. पण त्या अलमारीकडे पाठ फिरवून बसल्या. ज्या बाईनं लुगडं डोक्यावर घेऊन पेटीला मरण चिकटत नाही म्हटलं, तिला भिंतीकडच्या लाकडाची भीती वाटत होती. त्यांच्या लेखी सगळ्या जन्माचं सार्थक त्या उंबऱ्यावर अडलं होतं.

मी म्हटलं, “डॅनियल मास्तरांना देऊन टाका.”

“तो वाटच पाह्यते. पन त्याच्या घरी ठेवली तं मी अकोल्याले जाऊन पाह्यत बसीन. नाही. तुमी हे तोडा. हिची माह्यी पेटी करा. माप हायेच तुमच्यापाशी.”

मी पुष्कळ विनवलं. कामाच्या जागी कधी कोणापुढं हात जोडले नाहीत, त्या दिवशी जोडले. उपयोग झाला नाही. अलमारी दुकानात आली आणि मी ती उकलली. उकलली म्हणतो, कारण तिला खिळा नव्हताच, सगळी कुसं, लाकडात लाकूड बसवलेलं. त्या परतवाड्याच्या कारागिराची मनातल्या मनात क्षमा मागत एकेक फळी सुटी केली. सुतळी खिळ्यावरून काढली. पेटी झाली. कोरीव पट्टी मात्र तिच्यात कुठंच बसेना. ती मी मागून घेतली. राहेलबाई म्हणाल्या, “ठेवा. पन माह्या नजरेसमोर नोको.”

पेटी पाहायला त्या आल्या. सागवान झळकत होतं. खांद्याच्या वाकावरून त्यांनी तळहात फिरवला, पुन्हा फिरवला, आणि तोंडभर हसल्या. नव्या नवरीनं रुखवतावरून हात फिरवावा तसा तो हात फिरत होता. आणि मी पचकन बोलून गेलो. विचार करून बोलायची मला सवय नाही.

“बाई, मंग तं तुमी अलमारी संगच घेऊन चालल्या.”

त्यांचा हात तिथंच थांबला. हसू पुसलं गेलं. हात पदराला पुसून त्या निघून गेल्या. बायको बाहेर आली. एरवी त्या पेट्यांच्या वाऱ्याला न उभी राहणारी, ती मला म्हणाली, “काहून बोलले असे? बिचारी किती खूश झाली होती!”

त्या दुकानाकडे फिरकेनात. दुसऱ्या रस्त्यानं चर्चला जाऊ लागल्या. पेटी एका कोपऱ्यात पोत्याखाली पडून राहिली. मग एक दिवस भर पावसात आल्या, पदर डोक्यावर, चिंब भिजलेल्या.

“मिस्त्री, लूक गेला.”

लूक म्हणजे दवाखान्याच्या आवारात झाडूपाणी करणारा म्हातारा. मेळघाटाकडून कधीतरी आलेला, मागंपुढं कोणी नाही.

“सामाईक पेटी सांगू का पाद्रीसाहेबांना?”

“नाही. हे द्या.” त्यांनी पोत्याकडे बोट दाखवलं. “तो माह्याहून बुटका हाये, होईन बराबर.”

त्या दिवशी कबरस्थानात लोक एकमेकांकडे पाहत होते. झाडूवाला सागवानातून चालला होता. पावसाच्या पाण्यानं लाकडाचा रंग असा खुलला होता की सांगता सोय नाही. पेटी खाली जाताना मी राहेलबाईंकडे पाहत होतो, खोटं कशाला बोलू. त्या पेटीकडे पाहत नव्हत्या. लूकचं नाव घेऊन रडत होत्या. अलमारीसाठी मीच एकटा रडलो.

त्यानंतर त्या पुन्हा माझ्या रस्त्यानं जाऊ लागल्या. एकदा दुरूनच हात वर करून म्हणाल्या, “मिस्त्री, आज उंबऱ्यात वयून पाह्यलं नाही!” आणि चार पावलं चालून परत आल्या. “मंग ध्यानात आलं, पाह्यलं नाही हे पाह्याले वयलीच!” दोघंही पोट धरून हसलो. त्या भिंतीवर अलमारीच्या जागी तिच्या आकाराचा पांढरा डाग राहिला होता, आणि काही दिवस त्यांचे डोळे त्या डागावर जात. पुढं तोही मळला.

स्वतःसाठी त्यांना सामाईक पेटी चालणार होती. मी म्हटलं, ती तुम्हाला आखूड पडेल. ते खरंच होतं. मग बाजारात पडलेल्या संत्र्याच्या खोक्यांवर तडजोड झाली. शेंदूरजनाघाटची संत्री सालईच्या खोक्यांतून येत. हलकं, पांढरट लाकूड, फुटलं की चुलीत घालायचं. “तेच करजा,” त्या म्हणाल्या. “चांगलं लाकूड जित्या मानसाच्या कामाचं. अन् मिस्त्री, पेटीत काही ठेवू देजा नोको. डॅनियल ठेवीन. त्याचं मन मऊ हाये. तुमी ठेवू देजा नोको.”

मी शब्द दिला.

संत्र्याच्या हंगामातच त्या गेल्या. डॅनियल मास्तर अकोल्याहून आले ते थेट दुकानात. मी खोक्यांच्या फळ्यांवर रंधा मारत होतो. ते पाहून त्यांचा संताप अनावर झाला.

“माह्या मावशीले खोक्यात पुराल? झाडूवाल्याले सागवान अन् तिले संत्र्याचं खोकं? लोक काय म्हन्तीन? मी परतवाड्याहून लाकूड आनतो!”

मी रंधा खाली ठेवला नाही. खरं सांगायचं तर दुकानात माझ्याकडे एक सुंदर सागवानी फळी होती, त्यांच्यासाठीच राखलेली, आणि मास्तर आणखी थोडं ओरडले असते तर मी ती काढली असती. एवढ्यात पाद्रीसाहेब आले आणि म्हणाले, राहेलबाईंनी मलाही हेच सांगितलंय. मास्तर बाकावर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मी तेवढ्यात खांद्याच्या चिरा पाडल्या, कढत पाणी ओतलं. सालई वाकते छान. पाण्याच्या वाफेबरोबर सबंध दुकानात संत्र्याच्या सालीचा वास सुटला. माप घ्यावं लागलं नाही. सुतळी होती.

पण आजारात राहेलबाई झिजल्या होत्या. पेटी ऐसपैस झाली, पायाशी जागा उरली. मी छिलके जास्त भरले. निघायच्या आधी मी कापडात गुंडाळलेली कोरीव पट्टी मास्तरांच्या हातात दिली. वाटलं, घरातली वस्तू घरात राहावी. त्यांनी कापड उलगडलं, त्या चिमण्या पाहिल्या, आणि मला काही कळायच्या आत खाली वाकून ती पट्टी मावशीच्या पायाशी ठेवली.

“राहू द्या,” ते मला म्हणाले. “तिची फार आवडती होती.”

पेचकस माझ्या हातात. झाकण उचललेलं. सगळी मंडळी उभी. पाद्रीसाहेब पुस्तक उघडून थांबलेले. मरणाच्या घरी भाच्यानं प्रेमानं ठेवलेली वस्तू परक्या सुतारानं, तेही दुसऱ्या धर्माच्या, काढायची? मी राहेलबाईंच्या हातांकडे पाहिलं. दोन्ही तळवे उघडे होते, वर. कोणाला काही देत असाव्या, किंवा कोणी धरावे म्हणून पुढं केले असावे, तसे. दवाखान्यातल्या पोरींनी तसे ठेवले असतील. पण मला पूर आठवला, आणि ओट्यावरचा तो माणूस आठवला.

मी वाकलो आणि पट्टी काढली.

मास्तरांनी माझं मनगट धरलं. मी हळू आवाजात म्हटलं, “मास्तर, त्यायनं मले सांगितलं होतं. मोठ्या मुश्किलीनं सुटली होती त्यायच्या हातातून. पुन्हा देऊ नोका.”

त्यांनी मनगट सोडलं. मी झाकण लावलं, पेच आवळले. कबरस्थानापर्यंत संत्र्यांचा वास पुढं चालला होता आणि आम्ही मागं. पेटी हलकी होती. खांदेकऱ्यांना जड गेलं नाही.

पट्टी मास्तरांनी नेली नाही. म्हणाले, “तुमीच ठेवा. मले पाह्यवनार नाही.” ती मी दुकानाच्या चौकटीवर बसवली. आता दुकान मुलगा पाहतो. लोखंडी अलमाऱ्या आल्या, दारं तयार मिळतात, पेट्याही कोणी दुसरा करतो. मी नुसता येऊन बसतो. तारणाचं मला आजही पुरतं कळलं आहे असं नाही. राहेलबाई वर ओढल्या गेल्या असतील का, हे सांगणारा मी कोण? पण त्यांचे हात मोकळे होते. तेवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि स्वतःच्या हातांनी केलं. सुतारकामातलं माझं ते सगळ्यात चांगलं काम, आणि त्यात मी काही घडवलं नव्हतं.

संध्याकाळी मी घरी निघतो. उंबऱ्याबाहेर पाय ठेवतो. आणि चौकटीवरच्या त्या चिमण्यांकडे रोज न चुकता वळून पाहतो.